करार कोणाच्या नावावर आहे? वेगळं झाल्यावरच्या भाड्याच्या घराबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर तुम्ही वेगळ्या झालात, घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन कर्वेनगरमध्ये वन बीएचके घेतलात. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००. दोन महिने झाले तरी निम्मी खोकी बांधलेलीच आहेत, रात्री झोप येत नाही, आणि 'कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून आल्यासारखं' वाटतं. घर लावायला कुठून सुरुवात करू, काय काय घेऊ, वॉशिंग मशीन विकत घेऊ की भाड्यानं, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: करार भावाच्या नावावर आहे, कारण एकट्या बाईला फ्लॅट देत नाहीत असं एजंट म्हणाला.

मी पुण्यात भाड्याच्या घरांचंच काम करते, वीसेक वर्षं होत आली. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. करार भावाच्या नावावर. डिपॉझिट, माझ्या अंदाजानं, भावानंच भरलेलं. मालकाकडे नंबर भावाचा, सोसायटीच्या रजिस्टरला नाव भावाचं. मग पाहुणी असल्यासारखं वाटतं यात नवल काय? कागदावर तुम्ही खरंच पाहुण्या आहात. पडदे आणि कपाटं आणून ते वाटणं जाणार नाही. घटस्फोटानंतर, नवरा गेल्यानंतर, नोकरीतलं क्वार्टर सुटल्यावर भाड्यानं घर घेणारी माणसं माझ्याकडे सतत येतात. त्यात सोफा-टीव्हीसकट घर लावूनही वर्षभर न रुळलेली माणसं पाहिली, आणि जमिनीवर गादी टाकून आठवड्यात रुळलेलीही. रुळलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट जवळपास नेहमी दिसते: मालकाला फोन ते स्वतः करतात.

आधी हेही सांगते की काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला माहीत नाहीत. घरात मारहाण किंवा धमक्या होत्या का, नवीन पत्ता नवऱ्याला कळू द्यायचाय की नाही, घटस्फोट संमतीनं आहे की भांडून, भावाची ओढाताण होतेय का. यातल्या एकाचंही उत्तर वेगळं असेल तर पुढचा क्रम बदलेल. पत्ता लपवणं गरजेचं असेल, तर खाली लिहिलेलं काहीही करण्याआधी वकिलाशी बोला. मी वकील नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच जणींना हे माहीत नसतं, पगार आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही असं धरून चालतात.

आता करार. 'एकट्या बाईला देत नाहीत' हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य आहे. काही मालक तसे असतात, खोटं कशाला बोलू. पण पुष्कळदा मालकाला विचारलेलंच नसतं. एजंटला सौदा लवकर संपवायचा असतो, भाऊ समोर बसलेला असतो, त्याचं आधार कार्ड खिशात असतं, झालं. भावानं प्रेमापोटीच केलं असणार, त्याच्यावर राग धरू नका. पण त्याचे परिणाम तुम्हाला भोगायला लागतात. आधारवर पत्ता बदलायला, बँकेत, नवीन गॅस जोडणीला नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, पण तो तुमच्या नावाचा हवा. ऑफिसात जुन्या करपद्धतीत घरभाडं भत्त्याची सवलत घेत असाल तर तिथेही हाच प्रश्न येणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटगीचा विषय निघाला की तुमचा खर्च किती हे कोर्ट विचारतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिलं की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात तुम्ही घरभाडं लिहिणार, आणि समोरचा वकील विचारणार, करार कुणाचा, पैसे कुणाच्या खात्यातून गेले? तेव्हा 'भाऊ भरतो, मी त्याला नंतर देते' हे सांगत बसायला लागेल.

म्हणून जुना करार भाऊ आणि मालक दोघांच्या संमतीनं रद्द करून नवीन करार तुमच्या नावावर करून घ्या. आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलाय की अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार) लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्च फार नाही. अकरा महिन्यांचं भाडं १,९८,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००, मिळून २,०३,५००. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर करार करून देणाऱ्याचे पैसे, ते आधी विचारून घ्या, प्रत्येकाचा दर वेगळा. हल्ली रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावंच लागतं असं नाही. नोंदणी ऑनलाइन होते, माणूस मशीन घेऊन घरी येतो, तुमचा, मालकाचा आणि साक्षीदारांचा अंगठा घेतो.

मालक कुरकुर करेल. त्याची भीती बहुतेक एकच असते: बाई घर सोडणार नाही, कोर्टकचेरी करेल. त्याला शांतपणे सांगा की त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करून त्याला ताबा परत मिळतो, आणि तोवर दुप्पट भाडं मागता येतं. म्हणजे नोंदवलेला करार त्याच्याच फायद्याचा. मी स्वतः कितीतरी मालकांना याच मुद्द्यावर राजी केलंय. सोबत पगाराच्या स्लिपा आणि ऑफिसचं ओळखपत्र दाखवा. आणि हे बोलणं तुम्ही करा, भाऊ फार तर शेजारी बसू दे.

नवीन करारात दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा. एक, लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती. तुमचं कोर्टाचं काम चालू आहे, सहा महिन्यांनी काय होईल सांगता येत नाही, तेव्हा लॉक-इन जितका कमी करता येईल तितका करा, तीन महिन्यांवर तयार होणारे मालक असतात. दोन, रंगकाम. घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची पद्धत पुण्यात सर्रास आहे. ते कलम असेल तर आत्ताच बोला, सोडताना बोलून काही होत नाही. आणि आजच्या आज सगळ्या घराचा व्हिडिओ काढून ठेवा, भिंतींना ओल कुठे आहे, कोणता पंखा आवाज करतो, ओट्याची फरशी कुठे तडकलीय, सगळं. मालकाला तो व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे तारीख राहते.

डिपॉझिटचं काय? भावानं भरलं असेल तर ते तुम्ही घेतलेलं कर्ज आहे असं कागदावर लिहा, भाऊ 'अगं वेडी आहेस का' म्हणाला तरी लिहा. जमेल तसं दरमहा थोडं बँकेतूनच परत करा. भाडंही तुमच्या खात्यातून, आणि शेऱ्यात कोणत्या महिन्याचं ते टाका. एक हिशोब मी सगळ्यांना सांगते: भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, आणि त्या पगारात पोटगी धरू नका. ती खात्यात नियमित यायला लागली की मग बघू. तुमचं १८,००० या हिशोबात बसत नसेल, तर या अकरा महिन्यांनंतर धायरी-नऱ्हेकडे किंवा वारज्याच्या आत स्वस्त घर बघायला लागेल. मात्र तेव्हा मुलीच्या शाळेच्या बसचा वेळ आणि पैसे त्यात मोजा. मधल्या काळात कुटुंबातला छळ हा मुद्दा असेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सासरच्याच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागायची तरतूद आहे. पैशांची कोंडी करणं हाही त्या कायद्यात छळच धरलाय. घर सोडून आलात म्हणून हक्क संपला असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, वकिलाला विचारा.

करारानंतर चाव्या. तुमच्या घराची चावी कुणाकुणाकडे आहे? भावाकडे एक, आईकडे एक, मालकाकडे एक असणार. आई दुपारी येऊन डबे लावून जाते, भाऊ बेल न वाजवता येतो. यात वाईट कुणीच नाही, पण अशा घरात माणूस सैल होत नाही. एक चावी अडीअडचणीला भावाकडे राहू दे, बाकीच्या परत घ्या. मालकाला सांगून लॅचचं कुलूप बदला, जुनं कुलूप पिशवीत घालून ठेवा, सोडताना परत बसवून द्यायचं. सेफ्टी डोअर नसेल तर मालकाकडे मागा, निम्मा खर्च देते म्हणा. रात्रीची झोप न येण्याचं निम्मं कारण दाराशी असतं हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता घर दाखवतानाच कडी-कोयंडे आधी दाखवते.

सोसायटीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सेक्रेटरी जिन्यात गाठून 'मिस्टर कुठे असतात?' असं विचारत असणार. सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार (आदर्श उपविधी) फ्लॅट भाड्यानं द्यायला मालकाला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे, आणि ते मालकानं भरायचं. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही मालकानंच द्यायची. म्हणजे तुमची कागदाची बाजू पक्की असली की त्या जिन्यातल्या प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. तरी एक वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा: 'मी आणि मुलगी राहतो, काही काम असलं तर माझा नंबर घ्या.' पुढचा प्रश्न आला तर हसून लिफ्टकडे वळायचं. घाईत जास्त सांगितलं की ते मजल्या-मजल्यावर फिरतं. याउलट एक शेजारीण मात्र जोडा. मुलगी साडेचारला शाळेतून येते आणि तुम्ही साडेसहाला, त्या दोन तासांत जिच्या दारावर टकटक करता येईल अशी. चहाला बोलवा, खरं काय ते तिला सांगा. एवढं एक घर पुरतं.

इथवर कागद, पैसे, दार आणि शेजार झाला. आता खोकी.

सगळी खोकी उघडायची नाहीत. स्वयंपाकाची, अंथरुणाची, औषधांची आणि मुलीच्या शाळेची उघडा. कागदपत्रांची एकच फाइल करा: लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पासबुकं, कोर्टाचे कागद, नवीन करार. ती कपाटात कुलपात. लग्नाचे अल्बम, शालू, भेटवस्तू, त्यांच्या सहीच्या वह्या असलं जे काही आहे ते एका खोक्यात भरून वर फक्त तारीख टाका आणि माळ्यावर चढवा. ते उघडायचं की टाकायचं याचा निर्णय या वर्षी घ्यायचा नाही. निम्मी खोकी बंद आहेत म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, पण ती बंद ठेवायचं तुम्ही ठरवलं असेल तर तो पसारा राहत नाही.

गॅसची जोडणी सासरी नवऱ्याच्या नावावर राहिली असणार. नव्या करारावर स्वतःच्या नावानं घ्या. तोवर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडक्शनवर भागवत असाल तर महावितरणच्या बिलावर नजर ठेवा, १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो. भांडी तुळशीबागेतून थोडी थोडी आणा, संपूर्ण सेट नको. हुक, रॉड, कड्या बोहरी आळीत. भिंतीला ड्रिल मारण्याआधी मालकाला विचारा.

देवांचं एक बोलते, कारण अशा घरांत हा विषय हमखास असतो आणि कुणी काढत नाही. लग्नात माहेरून दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सासरच्या देव्हाऱ्यात राहतात. बाई दागिन्यांची यादी करते पण यांचं नाव घ्यायला कचरते. ते तुमचं स्त्रीधन आहे, यादीत लिहा. न्यायालय स्त्रीधन परत द्यायला सांगू शकतं, आणि संमतीनं होत असेल तर नुसतं सांगूनही मिळून जातं. तुमचा देवावर विश्वास नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. भाड्याच्या घरात दूध उतू घालायचं का, असंही मला विचारतात. घालावंसं वाटलं तर घाला. करार अकरा महिन्यांचा असला तरी रोज रांधायचं तिथेच आहे.

मुलीबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही तिला माझ्यापेक्षा ओळखता. हॉलमधला एक कोपरा, खिडकीजवळचा असेल तर उत्तम, तिचा म्हणून द्या आणि तिथे काय कुठे ठेवायचं ते तिला ठरवू द्या, विचित्र दिसलं तरी. शनिवार-रविवार ती बाबांकडे जात असेल तर ब्रश, चप्पल, रात्रीचे कपडे, चार्जर दोन्हीकडे वेगळे ठेवा. दहा वर्षांच्या पोरीनं दर आठवड्याला बॅग भरणं बरं नाही. 'आपण परत कधी जायचं?' असं तिनं विचारलं तर 'बघू' म्हणू नका. परत जायचं नसेल तर तसं सांगा. वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला.

झोपेचं दाराच्या पलीकडेही काही असू शकतं. कुलूप बदलून, पलंगाची जागा बदलून, रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवूनही काही आठवडे झोप आणि जेवण दोन्ही बिघडलेलंच राहिलं, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. धमक्या येत असतील तर १८१, ही महिलांसाठीची हेल्पलाइन.

आणि वॉशिंग मशीन. विकत घ्या, साधं टॉप लोड, चालू स्थितीतलं जुनं मिळालं तर तेच. भाड्यानं फर्निचर, मशीन देणाऱ्या कंपन्यांचा हिशोब वर्षभराच्या आत घर सोडणाऱ्याला परवडतो. तुम्ही मुलीची शाळा सोडून कुठे जाणार नाही, म्हणजे मशीन पुढच्या घरातही येणार. पलंग, सोफा यांचं उलटं आहे, ते पुढच्या घरात बसतीलच असं नाही, तेव्हा तूर्त चांगली गादी आणि घडीचं टेबल पुरे. मशीन आणण्याआधी ड्राय बाल्कनीची रुंदी टेपनं मोजा, नळाला धार किती येते ते बघा आणि तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर तो खर्च मालकाचा. त्याला फोन तुम्हीच करा.